राष्ट्रे कुठून आली?

आजचे वाचन : प्रकटीकरण २१:२२-२७ आणि २२:१-५



गेले दोन महिने आपण प्रकटीकरणाचे पुस्तक रोज थोडे थोडे वाचत आहोत, आणि आता अगदी शेवटाशी आलो. आज मला नव्या यरुशलेमेच्या बारा वेशींवर लिहायचे होते, तयारीही झाली होती. पण मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या प्रार्थनासभेत एक गोष्ट घडली, ती मनातून जाईना. म्हणून आज जरा लांब लिहितो आहे. सांभाळून घ्या.

आमच्या सभेत एक मावशी येतात. वय सत्तरीच्या पुढे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचे नाही. माहेर नेवाशाकडचे, घर वारकऱ्यांचे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि माहेरची दारे बंद झाली. तीन वर्षांनी थोरला भाऊ सायकलवर ज्वारीचे पोते टाकून दारात उभा राहिला. काही बोलला नाही, पोते ठेवले, पाणी प्यायला आणि गेला. तेव्हापासून काढणी झाली की दर वर्षी एक पोते येते. भाऊ अजून माळकरी आहे. गुडघे गेलेत, तरी आषाढी चुकवत नाही.

त्या दिवशी आम्ही १९वा आणि २०वा अध्याय एका दमात वाचला. भिंतीवर एक कापडी तक्ता आहे, फार वर्षांपूर्वी एका मेळाव्यातून मीच आणलेला. डावीकडून उजवीकडे सगळा शेवटचा काळ रंगवलेला : संकट, श्वापद, हजार वर्षे, न्याय. एका कोपऱ्यात ज्वाळा काढल्या आहेत आणि ज्वाळांवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘राष्ट्रे’. मावशींनी चष्मा वर करून तक्ता नीट पाहिला आणि विचारले, “दादा, माझा भाऊ ह्यात कुठं येतो?”

मी लगेच उत्तर दिले. २०व्या अध्यायाच्या शेवटी जीवनाच्या पुस्तकाविषयी जे आहे ते सांगितले. त्यात नाव नसेल तर काय होते तेही सांगितले. मावशी “हं” म्हणाल्या आणि बायबल फडक्यात गुंडाळू लागल्या. बस, एवढेच. पण त्या “हं”नंतर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

मी बोललो ते खोटे नव्हते. शास्त्रात आहे तेच बोललो. पण योहानाने जिथे पुस्तक संपवले नाही तिथे मी ते संपवले, असे मला वाटू लागले. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि ह्या पुस्तकात राष्ट्रांचे काय काय होते ते पहिल्यापासून लिहून काढले. तुम्हीही एकदा करून पाहा. मी तरी हे पुस्तक इतकी वर्षे वाचूनही हे कधी केले नव्हते.

पहिली गोष्ट शब्दाची. ‘राष्ट्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा, सीमा, पासपोर्ट येतो. योहानाचा ग्रीक शब्द ‘एथ्नोस’, म्हणजे लोक, जनसमूह. यहुदी माणूस तो शब्द अनेकवचनी वापरी तेव्हा बहुधा अर्थ असे, आपण सोडून बाकीचे सगळे. आपल्या मराठी बायबलात हाच शब्द काही ठिकाणी ‘राष्ट्रे’ आणि काही ठिकाणी ‘परराष्ट्रीय’ असा आला आहे. आता सांगा, आपण कोण? नगर जिल्ह्यातला, वसईतला, जालन्यातला ख्रिस्ती माणूस त्या शब्दाच्या कुठल्या बाजूला उभा आहे? आपण तर जन्माने ‘राष्ट्रां’तलेच. तो तक्ता मी इतकी वर्षे असा पाहत आलो की जणू राष्ट्रे म्हणजे दुसरे कोणीतरी. मावशींनी विचारले, भाऊ कुठे येतो. खरे उत्तर असे होते की मावशी, तुम्ही आणि मी ज्या शब्दात येतो त्याच शब्दात तोही येतो.

योहान हा शब्द सहज टाकत नाही. वंश, भाषा, लोक, राष्ट्र अशी चार शब्दांची जोडणी ह्या पुस्तकात सात वेळा येते. (५:९, ७:९, १०:११, ११:९, १३:७, १४:६, १७:१५. दोन ठिकाणी एकेक शब्द बदलतो.) क्रम प्रत्येक वेळी निराळा, दोनदा सारखा नाही. आणि ते लोक कधी कुठे असतात ते पाहा. ७व्या अध्यायात कोकऱ्यापुढे पांढरे झगे घालून उभे आहेत. १३व्यात त्यांच्यावरच श्वापदाला अधिकार मिळतो. १४व्यात त्यांच्यासाठीच देवदूत सुवार्ता घेऊन आकाशाच्या मध्यभागी उडतो. १७व्यात वेश्या ज्या पाण्यावर बसली आहे ते पाणी म्हणजेही हेच लोक. म्हणजे चांगली राष्ट्रे वेगळी आणि वाईट राष्ट्रे वेगळी असा ढीग योहान करत नाही. एकच जनसमुदाय आहे आणि त्याच्यासाठी ओढाताण चालली आहे.

योहानाने हे लिहिले तेव्हा ‘राष्ट्रे’ लोकांना रस्त्यात दिसत असत. ज्या सात मंडळ्यांना त्याने पुस्तक पाठवले त्यांतली एक लावदिकीया. तिथून फार लांब नाही असे अफ्रोदिसियास नावाचे शहर होते, आजच्या तुर्कस्तानात. तिथल्या उत्खननात रोमच्या सम्राटांच्या पूजेचे मोठे संकुल निघाले, पहिल्या शतकातले. त्यात जिंकलेल्या लोकांची संगमरवरी शिल्पे ओळीने लावलेली होती, प्रत्येक जनसमूह एका बाईच्या रूपात, खाली त्याचे नाव, आणि नावाआधी तोच शब्द, एथ्नोस. एका चौथऱ्यावर यहुद्यांचे नाव आहे. एका शिल्पात सम्राट क्लौद्य ब्रिटन देशाला, म्हणजे एका बाईला, केस धरून खाली दाबतो आहे. रोमने आपल्या नाण्यांवरही, यरुशलेम सन ७० मध्ये पाडल्यावर, खजुराच्या झाडाखाली बसून रडणारी बाई छापली, ती यहुदीया.

राष्ट्रांचे भवितव्य काय, ह्या प्रश्नाला साम्राज्याचे उत्तर असे दगडात कोरलेले होते : ती आमच्या पायाखाली. पात्म बेटावरचा कैदी ह्या उत्तरापुढे दुसरे उत्तर लिहीत होता. मला वाटते १८वा अध्याय हे डोळ्यांपुढे ठेवून वाचायला हवा. बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे, मोजली तर अठ्ठावीस जिन्नस. सोन्याने सुरू होते आणि शेवटी माणसे. माणसे हा शेवटचा जिन्नस! राष्ट्रांना नशा चढवली, त्यांना चेटकाने भुलवले, हा बाबेलवरचा आरोप आहे. हा ‘भुलवणे’ शब्द पुढेही सोडू नका. २०व्या अध्यायात सैतानाला हजार वर्षे बांधतात ते कशासाठी? त्याने राष्ट्रांना भुलवू नये म्हणून. सुटल्यावर तो करतो काय? पुन्हा राष्ट्रांना भुलवायला निघतो. राष्ट्रे दोषी आहेत, योहान त्यांना निर्दोष म्हणत नाही. पण ती फसवलेली आहेत हेही तो विसरू देत नाही.

आता कठीण भाग. तो टाळून पुढे गेलो तर मी पुन्हा मावशींना फसवीन, ह्या वेळी गोड बोलून.

१९व्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो आणि राष्ट्रांना मारतो. पाखरांना राजांचे मांस खायला बोलावतात. २०व्यात पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून राष्ट्रे चालून येतात, गोग व मागोग, समुद्राच्या वाळूइतकी, आणि स्वर्गातून अग्नी उतरून त्यांना खाऊन टाकतो. हे तिथे आहे, आणि ते खोडून काढायचा अधिकार मला नाही. काही बारकावे मात्र आहेत. स्वाराची तलवार हातात नाही, तोंडातून निघते. त्याचे वस्त्र लढाई सुरू होण्याआधीच रक्ताने माखलेले आहे, मग ते रक्त कुणाचे? यशयाच्या ६३व्या अध्यायात ते शत्रूंचे आहे, पण ह्या पुस्तकात आतापर्यंत कोकऱ्याच्या रक्ताचाही उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे. लोखंडी दंडाने राष्ट्रांवर सत्ता चालवण्याची जी गोष्ट दुसऱ्या स्तोत्रातून घेतली आहे, तिथे योहानाचे ग्रीक क्रियापद मेंढपाळाचे आहे, कळप राखण्याचे. तेच क्रियापद ७व्या अध्यायात आहे, जिथे कोकरा आपल्या लोकांना जिवंत पाण्याच्या झऱ्यांकडे नेतो. हे सगळे खरे. तरी २:२७मध्ये मातीची भांडी फुटतातच, आणि २०:९मधला अग्नी अग्नीच आहे. दंड म्हणजे काठी आणि अग्नी म्हणजे प्रेम, असे सरसकट करणारी प्रवचने मी ऐकली आहेत. ती मला पटत नाहीत. मजूर विकले जातात, गावे जाळली जातात, आणि त्याचा हिशोब कधीच होणार नाही असे म्हणणारा देव त्या मजुराच्या काय कामाचा?

पण न्याय होणार हे मानणे एक आणि तो कोणत्या लोकांवर पडणार हे आपण बोट दाखवून सांगणे दुसरे. हे दुसरे आपण फार आवडीने करतो. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत डझनभर संदेश आले की रशिया म्हणजे गोग, यहेज्केल ३८ पाहा. हे काही नवे नाही. १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या टीपांत रशियाचे नाव आहे, आणि १९७०मध्ये हॅल लिंडसे ह्यांच्या गाजलेल्या पुस्तकाने ते घरोघरी नेले. त्याआधी? १५३०मध्ये मार्टिन ल्यूथरला गोग म्हणजे तुर्क वाटले, कारण तुर्क नुकतेच व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत आले होते. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, मिलानच्या अँब्रोसने लिहिले की गोग म्हणजे गॉथ, कारण तेव्हा गॉथ रोमन सैन्याला झोडपत होते. प्रत्येक पिढीला ज्यांची धास्ती वाटली त्यांनाच शास्त्रात गोगचे नाव सापडले. आणि गंमत पाहा, ते गॉथ तर तेव्हाच ख्रिस्ती होत होते. त्यांच्या भाषेत बायबलचे भाषांतरही झाले होते, उल्फिलासने केलेले. अँब्रोसचा धाकटा समकालीन ऑगस्टीन मात्र ‘देवाचे नगर’ ह्या ग्रंथाच्या विसाव्या भागात स्पष्ट सांगतो की गोग-मागोग म्हणजे कुठल्या टोकाला राहणारे अमुक रानटी लोक नव्हेत, ते सगळ्या पृथ्वीभर आहेत. चारी कोपऱ्यांतून, असेच तर योहान म्हणतो. त्या चार कोपऱ्यांत आपलाही तालुका येतो.

त्या दिवसांत आमच्यातला एक जण म्हणाला, बरे झाले, भविष्य खरे ठरले. मला योना आठवला. निनवे वाचले म्हणून रुसून तुंबीखाली बसलेला योना. देवाने त्याला हिशोब सांगितला : एक लाख वीस हजारांवर माणसे, आणि वर गुरेढोरे. लोकांच्या नाशाचे वेळापत्रक पाठ असणे आणि त्याने पोटात काहीच न हलणे, ही भक्ती आहे का? हा प्रश्न मी त्या भावाला विचारला नाही. आता वाटते, विचारायला हवा होता. पण मग माझा तक्ताही भिंतीवरून काढावा लागला असता.

आता आजच्या वाचनाकडे या. २०व्या अध्यायात राष्ट्रांना अग्नीने खाल्ले. १९व्यात पृथ्वीचे राजे श्वापदाबरोबर लढायला जमले आणि पडले. आणि २१:२४ उघडा. राष्ट्रे नगरीच्या प्रकाशात चालत आहेत! पृथ्वीचे राजे आपले वैभव आत आणत आहेत! कुठून आली ही राष्ट्रे? ‘पृथ्वीचे राजे’ हे शब्द योहान ह्या पुस्तकात ज्यांच्यासाठी वापरत आला ते तर गुहांत लपणारे, बाबेलशी व्यभिचार करणारे, तिच्यासाठी रडणारे, कोकऱ्याशी लढणारे. तेच शब्द, जसेच्या तसे, वेशीतून आत येणाऱ्यांसाठी.

हे जुन्या नकलकारांनाही खटकले असावे. काही ग्रीक हस्तलिखितांत ‘राष्ट्रे’ ह्या शब्दापुढे ‘तारण पावलेल्यांची’ अशी भर आहे. ती १६११च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात उतरली. जुन्या हस्तलिखितांत ती नाही, तिथे नुसते ‘राष्ट्रे’. त्या नकलकाराचा मला राग येत नाही. गणित जुळत नव्हते, त्याने जुळवले. मीही मावशींपुढे तेच केले.

योहान इथे यशयाचा ६०वा अध्याय समोर ठेवून लिहितो आहे हे उघड आहे. राजे, राष्ट्रांचे धन, सतत उघड्या वेशी, सगळे तिथले. पण यशयात वेशी उघड्या असल्याच्या लगेच पुढचे वचन (६०:१२) म्हणते की जे राष्ट्र तुझी सेवा करणार नाही ते नष्ट होईल. योहानाने ११व्या वचनापर्यंतचे घेतले आणि ते १२वे घेतले नाही. मग २२व्या अध्यायात पाहा. नदीच्या दोन्ही काठांची झाडे, दर महिन्याला फळ, औषधी पाने, हे यहेज्केल ४७मधून. यहेज्केलात पाने औषधासाठी आहेत, एवढेच. कुणाच्या औषधासाठी ते योहान जोडतो : राष्ट्रांच्या. मूळ शास्त्रातून एका जागी धमकी गाळली आणि दुसऱ्या जागी एक शब्द घातला, आणि दोन्ही वेळा राष्ट्रांच्या बाजूने. तोही आपल्या पुस्तकात कुणी काही घालू-गाळू नये अशी ताकीद देणारा माणूस.

आणि औषध म्हटले की जखम आलीच. ज्याला काही झाले नाही त्याला पाला कोण लावतो? नव्या यरुशलेमेत पाने ठेवली आहेत, म्हणजे येणारे जखमी येणार.

ह्याचा अर्थ शेवटी सगळेच आत, कुणीच बाहेर नाही, असा होतो का? ओरिगेनसारख्या जुन्या शिक्षकांचा कल तिकडे होता, आणि मंडळीने ती शिकवण मान्य केली नाही. माझ्या हातात २१:२७ही आहे, काही अशुद्ध आत जाणार नाही असे सांगणारे. २२:१५ही आहे, बाहेर राहणाऱ्यांची यादी देणारे. पण २१:२५ही त्याच पानावर आहे : वेशी कधीच बंद होत नाहीत. वेस बंद नाही आणि बाहेर माणसे आहेत, ह्या दोन गोष्टी योहानाने शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची गाठ बांधली नाही. मी ती बांधायला गेलो, तेच चुकले. पुस्तकातली नावे कोकऱ्याला ठाऊक. ते पुस्तक माझ्या हाती दिल्याचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही.

एक गोष्ट राहिली, वैभवाची. राजे नगरीत काय आणतात? सोने तर तिथे रस्त्यालाच आहे. मला वाटते, प्रत्येक लोकांजवळ जे त्यांचे म्हणून मौल्यवान आहे ते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचे क्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापले गेले, ते ओवीत. ओवी आणली कुठून? ज्ञानेश्वरी ज्या ओवीत आहे तिच्याच घराण्यातून. आणि ज्ञानेश्वरी झाली ती नेवाशाला, मावशींच्या माहेरच्या मुलखात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. आपल्या उपासनेत अभंग आहे, टाळ आहे, कीर्तन आहे. ते काही आपण परदेशातून आणलेले नाही, ज्या लोकांतून आलो त्यांच्याकडून घेऊन आलो. मावशींचा भाऊ पहाटे जे म्हणतो त्याची चाल आमच्या सभेत दर रविवारी वाजते. तो स्वतः कुठे आहे ते मी सांगू शकत नाही. पण त्याच्या घरातले काहीतरी वेशीतून आत आलेले मी माझ्या कानांनी ऐकतो.

शनिवारी मी मावशींकडे गेलो. एवढे सगळे वचन-संदर्भ सांगितले नाहीत. एवढेच म्हटले की मावशी, त्या दिवशी मी घाईने बोललो, मला पुन्हा वाचावे लागले. वेशी उघड्या आहेत असे लिहिले आहे आणि झाडाची पाने राष्ट्रांसाठी आहेत. त्यांनी विचारले, “पानं? औषधाची?” म्हटले, हो. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याचे गुडघे फार दुखतात.” आणि भाकरी थापायला बसल्या. ज्वारी ह्या वर्षीच्या पोत्यातली होती. ताट पुढे आल्यावर म्हणाल्या, “दादा, प्रार्थना तुम्ही करा, पण त्याचं नाव घेऊन करा.”

मी नाव घेतले. इथे लिहीत नाही, पण तुम्हीही आज आपापल्या घरातले एक नाव घ्या :

हे प्रभू, ही ज्वारी ज्याने पेरली, राखली आणि आमच्या दारापर्यंत आणली, त्याच्यासाठी तुझे उपकार मानतो. त्याला बरे कर. आमेन.

उद्याचे वाचन : प्रकटीकरण २२:६-२१